पत्र्याचा सांगाडा, सागाची दारं: उद्यमनगरातल्या एका कॉम्प्युटर कॅबिनेटचं प्रकरण

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एका बाजूला पॅटर्न शॉप, म्हणजे ओतकामाच्या साच्यांसाठी लाकडी नमुने करणारं दुकान, आणि भिंतीपलीकडे कास्टिंग फेटलिंगची, म्हणजे ओतीव भाग घासून साफ करण्याची शेड, असा शेजार नवा नाही. या प्रकरणातलं पॅटर्न शॉप तसंच. ड्रॉइंग करायला आणि सीएनसी राउटरचे प्रोग्रॅम काढायला एक चांगला कॉम्प्युटर, आणि तो दर चार-सहा महिन्यांनी आजारी. एकदा ग्राफिक्स कार्डाचा पंखा जाम, एकदा रॅमच्या खाचेत काजळी, शेवटी मदरबोर्डच शॉर्ट.

कारण हवेत होतं. ग्रे कास्ट आयर्न ग्राइंड केलं की उडणारी धूळ रस्त्यावरच्या मातीसारखी नसते. त्या लोखंडात साधारण तीन-साडेतीन टक्के कार्बन असतो आणि त्यातला बराचसा ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात. म्हणजे लोखंडाचे कण आणि ग्राफाइट, दोन्ही वीजवाहक, दोन्ही बारीक. पावसाळ्यात त्यावर दमट हवा बसली की बोर्डावर गंजाचा थर धरतो. बाजारातल्या आजच्या कॅबिनेटला पुढे जाळी, वर जाळी, एका बाजूला काच. घरात ते छान चालतं. इथे प्रत्येक जाळी म्हणजे धुळीला दिलेलं आमंत्रण.

म्हणून ठरलं ते असं: आतला डबा पत्र्याचा, बाहेर सागाची कातडी, हवा फक्त फिल्टरमधून आत आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त. लाकडाचं कारण तांत्रिक नव्हतं, हे आधीच मान्य केलेलं बरं. शॉपमध्ये पॅटर्नच्या कामातून उरलेला साग पडून होता आणि टेबलासमोर गिऱ्हाईक बसतं. पातळ पत्र्याची भणभण लाकडाने दबते, एवढाच काय तो फायदा. पण एक अट पाळायला हवी होती: कुठलंही माप लाकडावर अवलंबून ठेवायचं नाही. ही अट कागदावर पाळली गेली, हातात मात्र एका जागी सुटली. बहुतेक त्रास तिथून आला.

माप

मदरबोर्ड मायक्रो एटीएक्स या ठरलेल्या मापाचा, २४४ x २४४ मिमी. पॉवर सप्लाय नेहमीचा, १५० रुंद, ८६ उंच, १४० खोल. ग्राफिक्स कार्ड दोन स्लॉटचं, २४५ मिमी लांब. टॉवर कूलर १५५ मिमी.

रुंदीचा हिशेब करताना हमखास चूक होते ती कूलरपाशी. बहुतेक कंपन्या कूलरची उंची सीपीयूच्या माथ्यापासून सांगतात आणि तो माथा बोर्डाच्या वर सात-आठ मिमी असतो. म्हणून: ट्रेमागे (ट्रे म्हणजे बोर्ड कसायचा पत्रा) वायरींना २२, ट्रेचा पत्रा १.२, स्टँडऑफ (बोर्ड पत्र्यापासून उचलून धरणारे खांब) ६.५, बोर्ड १.६, सीपीयू ८, कूलर १५५. बेरीज १९४.३. वर पाच-सहा मिमी मोकळीक धरून आतली रुंदी २०० ठरली. उंची ३६०, खोली ३९०. पुढे १४० मिमीचे दोन पंखे एकावर एक, मागे १२० चा एक.

सांगाड्याला १८ गेजचा सीआरसी (थंड लाटलेला पोलादी) पत्रा, म्हणजे १.२ मिमी. आठ बाय चारचा अख्खा पत्रा २८ किलो भरतो. इथे त्याचा चौथा हिस्साही लागत नाही, तेव्हा तुकडा कापून घेतलेला बरा. दारांना २० गेज, ०.९ मिमी. सांगाडा ॲल्युमिनियमचा करावा का, असाही विचार झाला. पण हलकेपणाची इथे कुणाला गरज नव्हती, आणि हाती लागलेलं ॲल्युमिनियम ६०६१-टी६ असेल तर काटकोनात मोडताना बाहेरच्या बाजूने चिरतं.

पॅटर्नवाल्याची पट्टी

पहिला ट्रे भंगारात गेला, आणि त्याचं कारण फक्त पॅटर्न शॉपमध्येच घडू शकतं.

कास्ट आयर्न थंड होताना साधारण एक टक्का आकसतं. म्हणून पॅटर्नमेकरची पट्टी मुद्दाम एक टक्का लांब आखलेली असते. तिच्यावरचे १०० मिमी प्रत्यक्षात १०१ असतात. ती पट्टी आणि साधी स्टीलची पट्टी एकाच खिळ्याला टांगलेल्या. ट्रेवर बोर्डाची भोकं आखली गेली ती लांब पट्टीने.

एटीएक्स घराण्यात मागच्या रांगेपासून मधली रांग १५४.९४ मिमीवर आणि पुढची २२७.३३ वर. एक टक्क्याने पुढची रांग २.३ मिमी सरकली. बोर्डाचं भोक ३.९६ मिमीचं असतं. कॅबिनेटचा नेहमीचा इंची स्क्रू, ६-३२ चा, ३.५ मिमीचा. म्हणजे इकडेतिकडे फार तर पाव मिमीची सूट. मागचे स्क्रू बसले, मधले रेटून बसले, पुढचे बसेचनात. रेटून बसवायच्या मोहात पडू नये. बोर्ड ताणाखाली राहिला की चिपखालचे सोल्डरचे टाके तडकतात, आणि तो दोष महिन्या-दोन महिन्यांनी, कधी येतो कधी जातो अशा रूपात दिसतो.

दुसऱ्या ट्रेला साधी पट्टी, आणि आखून झाल्यावर खुद्द बोर्ड ठेवून पडताळणी. स्टँडऑफ एम३ चे घेतले. ३.९६ च्या भोकात ३ चा स्क्रू, म्हणजे जवळपास एक मिमीची सूट मिळते. १.२ मिमी पत्र्यात आटे पाडण्याच्या भानगडीत पडलं नाही हे चांगलंच. एम३ ची पिच (दोन आट्यांमधलं अंतर) ०.५ मिमी, एवढ्या जाडीत दोन-अडीच आटे बसतात आणि तिसऱ्यांदा बोर्ड उतरवताना ते सुटून येतात. खालून आटे असलेला स्टँडऑफ, ३.२ चं आरपार भोक, मागून दातेरी वायसर आणि नट. बोर्डाला जिथे भोक नाही तिथे एकही स्टँडऑफ शिल्लक राहिलेला नाही ना, हे शेवटी एकदा मोजायचं. नऊ भोकं तर नऊच स्टँडऑफ.

मोडणी

पुढची भिंत, तळ आणि मागची भिंत मिळून एकच यू, बाहेरून ३६० + ३९० + ३६० = १११० मिमी. पण १११० ची पट्टी कापली तर डबा मोठा होतो. मोडताना पत्रा बाहेरच्या अंगाला ताणला जातो, त्यामुळे प्रत्येक काटकोनामागे थोडं माप वजा करावं लागतं. किती, ते पुस्तकात शोधण्यापेक्षा त्याच पत्र्याची, त्याच मशिनवर, १०० मिमीची चाचणी पट्टी मधोमध मोडून पाहावी. दोन्ही पाय बाहेरून मोजले, बेरीज १०२.२ आली. एका बेंडला २.२ वजा, दोन बेंडला ४.४, म्हणून पट्टी ११०५.६ ची. मशिनचा खालचा व्ही-डाय, म्हणजे ज्या खाचेत पत्रा दाबून मोडतात ती, पत्र्याच्या जाडीच्या आठ पट, इथे १० मिमीचा. डाय बदलला की हा आकडाही बदलतो, म्हणून चाचणी पट्टी आणि खरं काम एकाच बैठकीत उरकायचं.

मूळ आराखड्यात दारं टेकायला दोन्ही लांब कडांना १५ मिमीचे फ्लँज (मोडलेल्या कडा) पट्टीतच धरलेले होते. प्रेस ब्रेकवर, म्हणजे वरच्या पंचने पत्रा खालच्या डायमध्ये दाबून मोडणाऱ्या मशिनवर, गाडी इथे अडली.

"मालक, ह्यो फ्लँज आधी मोडला तर माझा पंच आत घालायचा कसा? तीन फुटी हाय ह्यो."

"मग कडा सुट्ट्याच करूया मामा. एल मोडून द्या, रिबिट आम्ही मारतो."

ऑपरेटरचं बरोबर होतं. पंच तुकड्यातुकड्यांचा असेल तर २०० मिमीपेक्षा थोडा कमी जमवून दोन फ्लँजच्या मधे उतरवता येतो. अखंड पंच उतरत नाही. फ्लँज नंतर मोडावेत, तर यू झालेलं काम मशिनमध्ये शिरत नाही. १५ x १५ चे सुटे एल करून ३.२ च्या पॉप रिबिटने, दर ६० मिमीला एक, आतून जोडले. भोक ३.३ चं. काम वाढलं, पण डबा आधी जुळवून, काटकोन गुण्याने तपासून, मग रिबिट मारता आले. मोडलेल्या फ्लँजमध्ये ही दुरुस्ती करता येत नाही. छताचा तुकडा दोन्ही टोकांना १५ मिमी खाली मोडून यू वर बसवला.

पाठ

मागच्या भिंतीत पोर्टची खिडकी १५८.७५ x ४४.४५ आणि खाली २०.३२ मिमीच्या अंतराने स्लॉट. हे सगळं कानशीने करणं शक्य आहे, शहाणपणाचं नाही. भंगारातल्या जुन्या कॅबिनेटचे रिबिट ड्रिलने उडवून त्याची पोर्ट-खिडकी आणि स्लॉटचा भाग एका तुकड्यात कापून घेतला. यात कमीपणा मानायचं कारण नाही. तो भाग डायवर ठोकलेला असतो, हाताने तितका नेमका निघत नाही. नव्या पाठीत त्याहून चारी बाजूंनी १० मिमी लहान खिडकी कापायची, बोर्ड पोर्टच्या पट्टीसकट ट्रेवर कसायचा, ग्राफिक्स कार्ड खोचायचं, जुना तुकडा त्यांच्या पुढ्यात आणून क्लॅम्प करायचा आणि मगच रिबिटची जागा पंच करायची. अर्थात ड्रिल चालवण्याआधी बोर्ड आणि कार्ड उतरवून बाजूला ठेवायचं. पत्र्याचा एक कीस सॉकेटमध्ये पडला तर एवढा खटाटोप फुकट.

पंख्यांची भोकं: १२० च्या पंख्याला स्क्रूंचं अंतर १०५ मिमी, १४० च्या पंख्याला १२४.५. मधलं गोल होल-सॉने कापून तारेची गोल जाळी लावली. पत्र्यातच छिद्रं पाडून केलेली जाळी दिसायला बरी, पण निम्मी वाट अडवते आणि शिट्टी मारते.

कोटिंग आणि अर्थिंग

सीआरसी उघडा ठेवला तर कोल्हापूरच्या जुलैत दोन दिवसांत लाल पडतो. त्यामुळे पावडर कोटिंग, पण सगळी भोकं पाडून झाल्यावर. कोटिंगनंतर पाडलेल्या भोकाच्या कडेपासून गंज आत सरकतो. ६०-८० मायक्रॉनचा थर भोकाच्या दोन्ही बाजूंना बसतो, म्हणून नेमक्या मापाचं भोक दशांश-दीड दशांश मिमीने आवळतं. आटे सिलिकॉनच्या बुचांनी झाकायचे.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे पावडरचा थर वीज अडवतो. भट्टीत तो सुमारे २०० अंशांना शिजतो आणि एकदा शिजला की पत्रे नुसते एकमेकांवर टेकून अर्थ पुढे जात नाही. स्टँडऑफभोवतालची वर्तुळं, पॉवर सप्लाय टेकतो ती जागा आणि दारांच्या अर्थ-वायरची जागा उष्णता सहन करणाऱ्या टेपने झाकून पाठवायची. जोडणी झाल्यावर मल्टिमीटरची एक टोकणी पॉवर सप्लायच्या अर्थ पिनला, दुसरी प्रत्येक पत्र्याला. इथे सांगाडा अर्धा ओहमच्या आत आला. डावं दार मात्र उघडं सर्किट दाखवत होतं, कारण टेप विसरली होती. ती जागा खरवडून, दातेरी वायसरखाली हिरवी वायर घेतली. लाकडाच्या आड असलेला पत्रा कुणाला दिसत नाही, आणि अर्थशिवाय राहिला तर तोच पहिला झटका देतो.

लाकूड

आता जिथे अट सुटली तो भाग.

साग मे महिन्यात चिरला, रंधला, तीन फळ्या फेविकॉलने जोडून ३९० x ३६० चं पॅनल केलं, जाडी १२ मिमी. जोडताना टोकाकडून दिसणारी वलयं एकाआड एक उलटी ठेवली, रात्रभर क्लॅम्प. रेषा आडव्या, म्हणजे खोलीच्या दिशेने. इथवर सगळं पॅटर्नमेकरच्या हातचं, त्यामुळे सुबक. मग हे पॅनल ०.९ मिमीच्या पत्र्याच्या दारावर आतून दहा लाकडी स्क्रूंनी घट्ट आवळलं. पॅटर्नमध्ये घट्ट आवळणं हाच धर्म असतो. सवय हातात होती.

सागाचं गणित सोपं आहे. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही. आडवं, म्हणजे रेषांना काटकोनात, आडव्या वलयांची फळी ओलाव्याच्या दर टक्क्यामागे सुमारे ०.१९ टक्के फुगते. मे महिन्यात ओलावा-मीटर ९ दाखवत होता, जुलैअखेरीस १५. सहा टक्क्यांचा फरक, ३६० मिमी उंची: ३६० x ०.००१९ x ६, म्हणजे चार मिमीच्या आसपास. पत्रा फुगत नाही. एका बाजूला वाढू पाहणारं लाकूड, दुसऱ्या बाजूला ठाम पत्रा आणि दोघांना दहा स्क्रूंनी बांधलेलं. इस्त्रीच्या थर्मोस्टॅटमधली दोन धातूंची पट्टी तापल्यावर वाकते, त्याच न्यायाने दार बाहेर फुगलं. चार कोपऱ्यांचे स्क्रू जागेवर, मधे पाच मिमीचा पोट. पुढच्या आणि मागच्या उभ्या कडेला फट पडली, आणि तीन मिमीची फोमची पट्टी ती भरेना.

फट दिसायच्या आधी धूळ दिसली. मागच्या उभ्या कडेला, आतल्या अंगाला, काळी रेघ.

खरं तर आतला दाब जास्त असेल तर फटीतून हवा बाहेर जायला हवी, धूळ आत येण्याचं कारण नाही. म्हणून उदबत्तीने तपासणी झाली. खोलीतला पंखा बंद, उदबत्ती फटीपासून दोन बोटांवर. कॉम्प्युटर निवांत असताना धुराची रेघ बाहेर ढकलली जात होती. राउटरचा मोठा प्रोग्रॅम काढायला लावला, मागचा पंखा वेग घेऊ लागला आणि मिनिटाभरात तीच रेघ वळून फटीत ओढली गेली. पुढचे दोन पंखे ठरावीक वेगावर होते, मागचा सीपीयूच्या तापमानावर. त्यात पुढच्या फिल्टरवर दहा दिवसांची धूळ. जाणारी हवा येणाऱ्या हवेपेक्षा जास्त झाली की दाब उलटतो आणि प्रत्येक फट नाक होते. म्हणजे दोष दोन होते, लाकडाचा आणि पंख्यांचा. एकच दुरुस्त केला असता तर दुसरा लपून राहिला असता.

दाराची दुरुस्ती अशी. दहाही स्क्रू काढले, भोकं सागाच्या खुंट्यांनी बुजवली. लाकडात एम४ चे इन्सर्ट (आतून आटे असलेल्या धातूच्या बुशा) बसवले, तीन रांगांत तीन-तीन. पत्र्यात मधल्या रांगेला ४.५ ची गोल भोकं, वरच्या आणि खालच्या रांगेला ४.५ x १० ची उभी लंबगोल. मधली रांग पॅनल धरून ठेवते, तिथून लाकूड वर-खाली सारखं वाढतं. वरची रांग मधल्यापासून १५० मिमीवर, तिथली हालचाल १.७ मिमी. लंबगोलात दोन्हीकडे तीन मिमीची जागा आहे, तेव्हा कोरडा मे आणि ओला ऑगस्ट दोन्ही सामावतात. लंबगोलातल्या स्क्रूंखाली नायलॉनचा वायसर, स्क्रू बोटाने घट्ट आणि वर पाव फेरी. पॅनलच्या वर आणि खाली तीन-तीन मिमीची फट मुद्दाम सोडली, नाहीतर फुगलेलं लाकूड छताच्या कडेवर जाऊन अडलं असतं.

पॉलिशही आधी फक्त बाहेरून होतं. आतली बाजू कोरी राहिली की ती ओलावा लवकर घेते, बाहेरची उशिरा, आणि पॅनल स्वतःच वाटीसारखं वळतं. आता दोन्ही बाजूंना पीयू (पॉलीयुरेथेन) पॉलिशचे सारखेच हात.

ज्यांना एवढा व्याप नको त्यांनी १२ मिमी बीडब्ल्यूपी (पाण्यात टिकणाऱ्या) प्लायवर सागाचा व्हीनियर लावावा. प्लाय आडवा-उभा जवळपास हलत नाही, गोल भोकांनी भागतं. पॅटर्नवाल्याला हे सुचवण्यात अर्थ नव्हता. टोकाला उभी वलयं दिसणाऱ्या फळ्या मिळाल्या तर हालचाल निम्म्यावर येते, पण उरलेल्या मालात तसं निवडायला मिळत नाही.

पंखे आणि फिल्टर

मागच्या पंख्याला वेगाची कमाल मर्यादा घातली आणि पुढचे दोन्ही त्याच तापमानाला जोडले, म्हणजे तिघे बरोबर चढतात. फिल्टर मळल्यावर पुढची हवा कमी होणार हे गृहीत धरून मागच्याची मर्यादा मळक्या फिल्टरवर ठरवली, स्वच्छ फिल्टरवर नव्हे. त्यासाठी उदबत्ती पुन्हा एकदा, पूर्ण लोडवर, दहा दिवसांचा फिल्टर तसाच ठेवून.

फिल्टरची चौकट आधी चुंबकाच्या पट्टीची होती, बाजारात सर्रास तीच मिळते. फाउंड्रीच्या शेजारी ती टाळावी. लोखंडाची धूळ नेमकी चुंबकावर दाढीसारखी उगवते, चौकट पत्र्यावर सपाट बसत नाही आणि काढताना तोच गुच्छ पंख्यात पडतो. आता खालून सरकणारी पत्र्याची चौकट आणि नायलॉनची बारीक जाळी. पॉवर सप्लायला तळातून स्वतंत्र जाळी, कारण त्याचा पंखा स्वतःची हवा स्वतः ओढतो. धुतलेला फिल्टर पूर्ण सुकल्याशिवाय परत घालायचा नाही. ओल्या जाळीत अडकलेलं लोखंड गंजतं आणि तो गंज पुढे पावडर होऊन आत जातो. म्हणून दोन संच, एक आत आणि एक वाळत.

रिकामं कॅबिनेट साडेआठ किलोच्या आसपास भरलं. पुढच्या मे महिन्यात फळ्या आटल्या तेव्हा वरची-खालची फट थोडी रुंदावली, दार सपाट राहिलं. मधल्या रांगेचे तीन स्क्रू मात्र पाव-पाव फेरी सैल निघाले, कारण लाकूड जाडीतही आटतं. त्यांच्याखाली आता स्प्रिंग वायसर आहेत.